तेल कुठं बसणार

त्या रविवारी बाळाजीनानांनी दोनदा दाढी केली. एकदा सकाळी उठल्यावर, रोजच्यासारखी, आणि पुन्हा साडेअकराला, कारण हनुवटीखाली थोडे खुंट राहिलेत हे कोकिळाबाईंनी बोट लावून दाखवलं. लेकीचे साहेब जेवायला येणार होते. साहेब दोन दिवस अलिबागला विश्रांतीला उतरले होते आणि त्यांना हॉटेलातलं नव्हे, घरचं पापलेट खायचं होतं.

नानांची अडतीस वर्षं रेवदंड्याच्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात गेली. आठवीतून उठून लाद्या ओढायला लागले, ते निवृत्त झाले तेव्हा अमोनियाच्या कॉम्प्रेसरवर नुसता तळहात ठेवून त्याचं दुखणं सांगत. कान मात्र त्या आवाजाने अर्धे गेले होते. घरात त्यांच्याशी मोठ्याने बोलायची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की शेजाऱ्यांना त्यांच्या घरातली एकही गोष्ट विचारावी लागत नसे.

क्रांती ही त्यांची एकुलती एक. छत्तीस वर्षांची, उष्णतेचं शास्त्र शिकलेली, बेलापूरच्या एका कंपनीत. मोठमोठ्या संगणकांची जी गोदामं असतात, डेटा सेंटर, ती जमिनीवरून उचलून पृथ्वीभोवती फिरत ठेवता येतील का, हे ती कंपनी तपासत होती. वर जागेचा वाद नाही, ऊन चोवीस तास, आणि खाली ही गोदामं गार ठेवायला लागणारं पाणीही वाचेल. गार कशी ठेवायची, हा भाग क्रांतीकडे होता.

सकाळी ती ओट्याजवळ नारळ खवत होती. नाना दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

"वर गारच असंल ना पण?"

"गार आहे, बाबा. पण गार असून उपयोग नाही. उष्णता घेऊन जायला तिथे वारा नाही, पाणी नाही. जेवढी आपोआप किरणांनी बाहेर जाईल तेवढीच."

नानांनी फळीवरच्या थर्मासकडे पाहिलं. निळा, झाकणाला पोचा आलेला. अडतीस वर्षांत त्यांचा तो तिसरा थर्मास.

"म्हंजे ह्यो. ह्याच्या दोन भांड्यांच्या मधी काय न्हाय, म्हणून चहा गरम राहतो. आणि तुम्ही थर्मासात भट्टी पेटवताय."

क्रांती हसली. मनापासून हसली. इतक्या कमी शब्दांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिने स्वतःही नाही. तिने खवणी बाजूला ठेवली आणि वर्तमानपत्राच्या समासात त्यांना आकृती काढून दाखवली. मध्ये संगणक. दोन्ही बाजूंना मोठे पंख, त्यांच्या नळ्यांतून खेळणारा द्रव. एक मेगावॉटचं छोटंसं गोदाम गार ठेवायला हजार-बाराशे चौरस मीटरचे पंख लागतात. पंख जितके गरम तितकी उष्णता जास्त फेकतात, म्हणून तिने मध्ये कॉम्प्रेसर बसवला होता. त्याने उष्णता सत्तर अंशांवर चढवली की पंख चौथ्या हिश्श्याने लहान होत होते. चौथा हिस्सा म्हणजे रॉकेटात केवढं तरी वजन वाचलं.

"नळ्यांत काय हाय?"

"अमोनिया."

नाना कागदावर वाकले. मग म्हणाले, "आपलाच अमोनिया?"

"आपलाच."

दुसरी दाढी त्यांनी केली ती यानंतर.

साहेबांचं नाव हर्षद. क्रांतीहून चार वर्षांनी मोठे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, स्वभावाने वाईट नाहीत. कोकिळाबाईंना त्यांनी तीनदा सांगितलं की असं पापलेट आपण जन्मात खाल्लं नाही. नाना त्यांच्या समोर बसले होते आणि जेवत नव्हते. आकृतीचा तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला होता. साहेबांचा दुसरा तुकडा संपायची त्यांनी वाट पाहिली, मग तो ताटाशेजारी उलगडला.

"साहेब, एक इचारू?"

"विचारा ना, काका."

"कॉम्प्रेसर म्हणजे तेल आलं. तेल थोडं थोडं अमोनियाबरोबर पुढं जातंच, किती बी गाळा. आमच्याकडं ते टाकीत तळाला जाऊन बसतं. जड असतं ना. मग तळाचा कॉक उघडून आम्ही ते काढतो. तुमच्या तिथं वर-खाली काय न्हाय. मग तेल कुठं बसणार? ते पंखात जाऊन नळ्यांना चिकटंल. मग पंख गरमच होणार न्हाय."

क्रांतीचा घास तोंडाजवळ थांबला.

हर्षद हसले. "काका, आपल्याला वर पापलेट ठेवायला बर्फ नाही बनवायचा हो."

मग क्रांतीही हसली. आणि नानांना नीट ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणाली, "बाबा, हे लाद्या पाडायचं काम नाही. तुम्ही सोलकढी घ्या."

शेजारच्या घरातही ते गेलं असणार. नानांनी कागदाची घडी पुन्हा होती तशीच घातली, खिशात ठेवली, आणि सोलकढी घेतली. वाटी रिकामी करून खाली ठेवली, सांगितलेलं काम पुरं केल्यासारखी.

संध्याकाळी क्रांती बॅग भरत होती तेव्हा ते खोलीच्या दाराशी आले.

"बाय, उद्या कारखान्यात तेल काढायचा दिवस हाय. विनेशला सांगून ठेवलंय. तुला दाखवतो. डोळ्यांनी बघ, मग साहेबांना सांग."

"उद्या अकराला माझं सादरीकरण आहे, बाबा. मी पहाटेच निघणार."

"मग फोनात दाखवतो. चित्र दिसतं ना आता फोनात."

"बघू."

त्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण नानांनी त्या संध्याकाळी त्याचा अर्थ हो असा घ्यायचं ठरवलं. बाप माणूस, लेकीने दार पुरतं लावलं नाही तर फटीत पाय घालतो.

सोमवारी अकरा वाजता बेलापूरच्या काचेच्या खोलीत आठ माणसं बसली होती. पडद्यावर क्रांतीची आकृती होती, वर्तमानपत्राच्या समासातली, फक्त रंगीत. फोन टेबलावर थरथरला. बाबा, व्हिडिओ कॉल. अकरा वाजून चार मिनिटं. तिने कापला. पुन्हा आला, अकरा सहा. हर्षदनी भुवई उचलली. तिने कापला. अकरा सात. तिने न बघता कापला आणि फोन पालथा घातला. मग 'संभाव्य अडचणी' हे पान आलं. त्यावर सहा अडचणी होत्या. तेल त्यांत नव्हतं.

साडेअकराला चुलतभाऊ रितेशने ऑफिसच्या नंबरवर फोन केला.

टाकीतलं तेल काढणं हे बर्फाच्या कारखान्यातलं सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत हरामी काम. दोन माणसं लागतात. एक तळाच्या कॉकपाशी, दुसरा आठ-दहा पावलांवर, मुख्य चावीपाशी. कॉक थोडासा उघडायचा. काळं तेल संथ धारेने बादलीत पडतं, इतकं संथ की माणसाला जांभई यावी. आणि मग तेल संपतं. त्याच्यामागे अमोनिया असतो, दाबलेला, आणि तो संथ येत नाही. तो येण्याआधी क्षणभर कॉक हाताला गार लागतो. ज्याचा हात कॉकवर आहे त्याला ते कळतं आणि तो कॉक पिळून बंद करतो. ज्याचा नाही त्याला कळत नाही. नानांनी अडतीस वर्षांत जेवढी माणसं तयार केली त्यांना पहिल्या दिवशी एकच धडा दिला: आभाळ कोसळलं तरी कॉकवरचा हात सोडायचा नाही.

त्या सोमवारी कॉकपाशी नाना होते; त्यांनीच तयार केलेला विनेश मुख्य चावीपाशी होता. अमोनिया सुटताच त्याने ती बंद केली, ओला पंचा तोंडाला गुंडाळून आत शिरला आणि नानांना ओढत बाहेर आणलं. त्यात त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. अलिबागला पोचेपर्यंत नाना उरले नव्हते.

गावाला दोष द्यायला एक माणूस लागतो, आणि तो जिवंत असला तर बरं पडतं. कारखान्याच्या शेठने सांगितलं, निवृत्त माणसाला आत घ्यायची परवानगी मी दिलीच नव्हती, आणि विनेशला कामावरून काढलं. बंदरावर ठरलं की विनेशनेच स्वतःच्या जिवाला भिऊन म्हाताऱ्याला कॉकवर बसवलं आणि आपण लांब उभा राहिला. नाना हात सोडतील हे कुणाच्या मनातही येईना. नानांनी हात सोडला असं म्हणणं म्हणजे भटजी मंत्र विसरला म्हणण्यासारखं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी विनेश घरी आला. चव्वेचाळीस वर्षांचा धिप्पाड गडी, डोळे लाल, हातांना पांढरी बँडेजं. पायरीपाशीच कोकिळाबाईंनी त्याला गाठलं.

"आलास? आता काय बघायला आलास रं? ज्यानं तुला काम शिकवलं त्यालाच पुढं केलास? तुझं हात भाजलं, जळलं का न्हाय पुरतं?"

"काकी..."

"काकी म्हणू नको. तुझ्या पोरांना सांग, बाप घरात आला की आंघोळ करा."

विनेशने मान खाली घातली आणि उभा राहिला. कोकिळाबाई थकून आत गेल्यावर तो क्रांतीला हळूच म्हणाला, "ताई, माझ्या खिशात हात घाल. मला काढता येत न्हाय."

तिने त्याच्या शर्टाच्या खिशातून बाबांचा फोन काढला. काच तडकलेली होती.

"नानांच्या हातात होता. उजव्या हातात. मी पयला त्यो काढून घेतला, मग आरडाओरडा केला. पोलिसांना न्हाय सांगितलं, शेठला न्हाय सांगितलं. लोक म्हणाले असते, नानांनी फोनासाठी कॉक सोडला. त्यापेक्षा माझं नाव असू दे." मग म्हणाला, "तुला लावत होते. सकाळपासनं नुसतं तेच. माझी बाय बघणार हाय म्हणून."

"विनेशदादा," क्रांती म्हणाली, आणि तडकलेल्या काचेवरून तिने अंगठा फिरवला.

तो गेल्यावर तिने फोन उघडला. अकरा चार, अकरा सहा, अकरा सात. नाना सगळं उजव्या हाताने करत. डाव्या हाताच्या अंगठ्याने त्यांना फोन लावता येत नसे. तो त्यांचा नेहमीचा हसण्याचा विषय होता. क्रांती हिशेबात पक्की होती. हा हिशेब तिने आवाज न करता केला. पहिला फोन ते कॉक उघडण्याआधी लावू शकले असतील. मग तो डाव्या हातात धरायचा, उजव्याने कॉक उघडायचा, आणि लेक बघायला येते का याची वाट पाहायची. तो कापला गेला. दुसऱ्यासाठी उजवा हात कॉकवरून काढावा लागला. तोही कापला गेला. तिसऱ्यासाठी पुन्हा काढावा लागला. तिने फोन नुसता वाजू दिला असता तर त्यांचा हात कॉकवरच राहिला असता. घेतला असता तर प्रश्नच नव्हता.

दर वेळी तिने कापला, आणि दर वेळी त्यांना हात सोडावा लागला.

तिने तो फोन बंद करून कपाटात स्वतःच्या पदव्यांच्या फायलीखाली ठेवला. बाहेर आई शेजारणीला सांगत होती की विनेशला देव बघून घेईल. क्रांती बाहेर जाऊन आईजवळ बसली. एक वाक्य पुरलं असतं. ती आईची पाठ चोळत राहिली.

चौथ्या दिवशी हर्षदचा निरोप आला. आधी चार ओळी दुःखाच्या, नीट लिहिलेल्या. मग रिकामी ओळ. मग: घाई नाही, पण सोमवारपर्यंत अडचणींचं पान पुरं होईल का? क्रांतीने लॅपटॉप उघडला. सुतकात काम करू नये असं आई म्हणाली. क्रांती म्हणाली, दहा मिनिटं. सहा अडचणींच्या खाली तिने सातवी लिहिली. गुरुत्वाकर्षण नसताना कॉम्प्रेसरचं तेल वेगळं होऊन परत कसं येणार. ते पंखांच्या नळ्यांना आतून चिकटल्यास उष्णता फेकण्याची क्षमता किती घटेल. तेलाशिवाय चालणारा कॉम्प्रेसर घेतल्यास वजन किती वाढेल. तिने आकडे मांडले. वाचवलेल्या वजनातलं बरंचसं परत जात होतं. पानाखाली तयार करणाऱ्याचं नाव असतं. ते आपोआप उमटलं.

वीस मिनिटांत उत्तर आलं. 'हे आपण सगळ्यांनी चुकवलं होतं. अख्खा आराखडा बदलावा लागेल, पण वर जाऊन बंद पडण्यापेक्षा बरं. तुला सुचलं कसं?'

क्रांतीने लिहिलं, 'असंच.'

त्या एका शब्दावर तिने बराच वेळ बोट ठेवून पाहिलं. पुसता येत होता. पुसला नाही.

दहाव्याला सगळे खाडीच्या तोंडाशी जमले. रितेशने पिंड मांडले. क्रांतीने मनाशी एक ठरवलं होतं. कावळा लवकर शिवत नाही. मग एकेक जण पुढे होतो आणि गेलेल्याचं काय राहिलं असेल ते अंदाजाने बोलतो, आईला सांभाळीन, घर विकणार नाही. माणसं तिष्ठतात, उन्हाने घामाघूम होतात, आणि त्या तिष्ठण्यात काहीही बोललं तरी चालतं. तिचीही पाळी येईल. तेव्हा ती पुढे होईल, अगदी हळू, पिंडाला ऐकू जाईल इतकंच बोलेल. पुस्तकं वाचून वाढलेल्या बाईचा हा बेत होता. तिला बोलायलाही एक आडोसा हवा होता.

विनेश लांब, बोंबील सुकत टांगलेल्या बांबूंच्या वलांडीपलीकडे उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. कोकिळाबाईंनी त्याला पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्याला सांगा लांब हो. तो हाय तवर कावळा यायचा न्हाय."

रितेश मागे सरला. तो पुरता सरलाही नव्हता तोच कावळा आला.

रेवदंड्याचे कावळे मासळीवर पोसलेले, धीट, माणसाच्या हातातलं ओढणारे. त्यांना मेलेल्याच्या इच्छेशी काय देणंघेणं. एकाने भाताचा गोळा फोडला, दुसऱ्याने अर्धा पळवला, आणि दोन मिनिटांत केळीचं पान रिकामं झालं. जमलेल्यांच्या चेहऱ्यांवर हायसं वाटल्याचं दिसू लागलं. कुणीतरी म्हणालं, "सुटले नाना." रितेश पंचा झटकू लागला. माणसं चपला शोधू लागली.

कोकिळाबाईंनी पदराने डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता. "काय बी राहिलं न्हवतं बघ त्यांचं," त्या क्रांतीला म्हणाल्या. "लेक शिकली, मोठी झाली. मन भरलेलं होतं."

वलांडीपलीकडे विनेशने बँडेज बांधलेले दोन्ही हात जोडायचा प्रयत्न केला. ते नीट जुळेनात. तो तसाच पाठ फिरवून चालू लागला.

"राहिलं होतं," क्रांती म्हणाली.

"आँ?"

"राहिलं होतं, आई. विनेशदादा, थांब."

तो थांबला. बाकीचेही थांबले, एक चप्पल पायात, एक हातात. आईच्या चेहऱ्यावर जे नुकतंच सैल झालं होतं ते तिला दिसत होतं, आणि आपण त्याचं काय करणार आहोत तेही.

"दादाने बाबांना पुढे केलं नाही. तो त्याच्या जागेवर होता. बाबांनी कॉकवरचा हात सोडला. माझ्यासाठी सोडला. ते मला फोन लावत होते आणि मी तीनदा कापला. फोन माझ्या कपाटात आहे. दादाने तो मला आणून दिला, आणि मी सात दिवस गप्प बसून तुझ्या शिव्या त्याला खाऊ दिल्या."

कोकिळाबाईंनी लेकीच्या दंडावरचा आपला हात काढून घेतला. सावकाश काढला, आणि दोन्ही हात पदराखाली नेले.

क्रांती रिकाम्या पानाकडे वळली. त्यावर भाताची चार शितं उरली होती. कॉम्प्रेसरच्या आवाजाने कान गेलेल्या माणसाशी बोलावं तसं ती मोठ्याने, शब्द सुटे करून बोलली. वलांडीपलीकडच्यांनाही ते ऐकू गेलं.

"बाबा, तुमचं बरोबर होतं. तेल बसायला वर जागा नाही. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. जेवताना. हसायच्या आधी."